अकरा जादा आवाज

कॅप्टनचे डोळे चांगले निघाले. हृदयही चांगलं निघालं. रक्तात जे असायला हवं ते होतं आणि जे नसायला हवं ते नव्हतं. वजन बाळंतपणानंतर थोडं सुटलं होतं, पण तेवढं ओढायला विमानाची हरकत नसावी, असं तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत पडलं. घोडं अडलं ते कानांपाशी. आणि तेही ऐकू कमी येतं म्हणून नव्हे. जास्त येतं म्हणून.

खरं तर ती कॅप्टन नव्हती. सहवैमानिक होती, म्हणजे विमानात उजवीकडच्या खुर्चीत बसणारी. पण इमारतीत राहायला आली त्याच दिवशी जिन्यात कुणीतरी "या कॅप्टन" म्हणालं आणि ते चिकटलं. पहिले सहा महिने ती भेटेल त्याला दुरुस्त करत होती. सातव्या महिन्यात तिच्या लक्षात आलं, की ती जितकी नाही म्हणते तितकी लोकांना ती विनयशील वाटते आणि आणखीच कॅप्टन वाटते. मग तिने नाद सोडला.

ही कॅप्टन चौदा महिने जमिनीवर होती. त्यातले सात महिने ठकूबाई पोटात होती आणि सात महिने खांद्यावर. इतकी सुटी झाली, की वैमानिकाची वैद्यकीय तपासणी पहिल्यापासून करायची आणि नवं प्रमाणपत्र घ्यायचं, असा नियम. कंपनीने पत्र पाठवलं होतं : वीस तारखेला सकाळी नऊ वाजता सिम्युलेटरवर हजर राहणे. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं खोटं विमान. त्यात खऱ्या चुका करता येतात. येताना प्रमाणपत्र आणणे. न आणल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. पुढची तुकडी आठ महिन्यांनी. आणि तोवर? पत्राच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं : तोवर हरवलेल्या सामानाच्या विभागात काम देण्यात येईल.

ती शेवटची ओळ तिने इतक्यांदा वाचली, की तिला स्वप्नात एक निळी बॅग दिसायला लागली. बॅगेवर तिचंच नाव होतं.

तपासणीच्या दिवशी नवरा बरोबर आला, ठकूबाईला घेऊन. नवरा कॉलेजात ग्रंथपाल. बारा वर्षं त्याने "हळू बोला" याखेरीज कामाच्या ठिकाणी फारसं काही म्हटलं नव्हतं, आणि तेही हळूच. त्या दिवशी सकाळी मात्र त्याने चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, की दीड तास तो ठकूबाईला एकटा सांभाळेल. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यासाठी त्याने एक पिशवी भरली होती. पिशवीला सात कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी. 'दुपटी : कोरडी', 'दुपटी : संशयास्पद' वगैरे.

"रडली तर?" कॅप्टनने विचारलं.

"का रडेल? मी आहे ना," नवरा म्हणाला.

श्रवणचाचणीची खोली म्हणजे कपाटाएवढा एक खोका. आतून राखाडी स्पंज, एक स्टूल, कानाला लावायचे हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. चाचणी घेणारा तंत्रज्ञ अगदी टापटिपीचा. खोक्यावर त्याचा जीव होता. त्याने दार लावण्याआधी त्यावरून रुमाल फिरवला.

"आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. पाच वर्षांची पोरंसुद्धा करतात," तो म्हणाला.

दार लागलं. टीं... तिने बटण दाबलं. टूं... दाबलं. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, फार लांबून, उशीखालून यावं तसं, ठकूबाईचं रडणं. ठकूबाई एकदम रडत नसे. आधी गाडी सुरू करावी तसं दोनदा "अँ, अँ" करायची, श्वास भरून घ्यायची आणि मग सूर लावायची. सात महिन्यांत कॅप्टनचा हात असा तयार झाला होता, की पहिल्या "अँ"ला तो डोक्याला न विचारताच कामाला लागायचा. दूध, दुपटं, खुळखुळा, जे हाताला लागेल ते. आत्ता हातात बटण होतं. तिने ते दाबलं.

असं अकरा वेळा झालं.

तंत्रज्ञ कागदाकडे बघत, डोकं खाजवत शेजारच्या यंत्राच्या खोलीतून बाहेर आला. बाकावर नवरा बसला होता, मांडीवर ठकूबाई. दोघांचे चेहरे धुतल्यासारखे स्वच्छ.

"बाळ रडत होतं का हो मधे?"

"छे! एकदाही नाही," नवऱ्याने छाती पुढे काढून सांगितलं. "उलट हसत होती."

तेव्हा तंत्रज्ञाने आपल्या सुंदर अक्षरात शेरा लिहिला : 'न वाजवलेल्या आवाजांना प्रतिसाद : अकरा.'

घरी येताना नवरा ठकूबाईच्या शहाणपणाबद्दल भरभरून बोलत होता. कॅप्टनने त्याचं कौतुक केलं. मग गाडीच्या आरशात हळूच आपले कान बघून घेतले. दिसायला तर नेहमीसारखेच होते.

चार दिवसांनी ती वैद्यकीय कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"विचाराधीन आहे."

"कशाबद्दल विचार चाललाय?"

"फॉर्मवर तीन रकाने आहेत. श्रवणशक्ती कमी, योग्य, नाही. कमी असती तर कमीवर खूण केली असती. नसतीच, तर नाहीवर केली असती. तुमची जास्त आहे."

"जास्त म्हणजे चांगलंच ना?"

"ते मी नाही ठरवत," बाई म्हणाल्या. "रकाना नाहीये."

इथवर सगळं कागदावरच होतं. पण परतताना जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. कॅप्टनच्या खांद्यावर नुकतीच झोपलेली ठकूबाई होती, त्यामुळे ती पुटपुटल्यासारखं बोलली, "प्रमाणपत्राचं कानापाशी अडलंय." एवढंच. काकू "अगं बाई" म्हणाल्या आणि घाईघाईने वर जायच्या त्या खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं, की कॅप्टन बहिरी झाली.

माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती फार चांगली होती आणि चांगुलपणा त्यांनी सगळा घशात आणला होता. बेल वाजवणारे बोट उचलेनात. पेपरवाला महिन्याचा हिशेब बोटांवर करून दाखवू लागला. काकू तर भेटल्या की आपलं तोंड कॅप्टनच्या तोंडासमोर आणून, ओठ गाडीच्या डिकीसारखे उघडून विचारायच्या, "का-य म्ह-ण-तं बा-ळ?" बाळ काय म्हणतं ते पुढच्या क्षणाला आपोआप कळायचं, कारण ते दचकून उठलेलं असायचं.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ जुनी डबी घेऊन आले. आत कानाचं यंत्र.

"आमच्या बाबांचं. ते गेल्यापासून पडून होतं. फक्त उजव्या कानाला चालतं." मग जरा विचार करून म्हणाले, "तुम्ही बसताही उजवीकडेच ना?"

"काका, मला कमी नाही ऐकू येत. जास्त ऐकू येतं."

शेजारी काकू उभ्या होत्याच. त्यांनी कॅप्टनच्या पाठीवरून हात फिरवला. "सुरुवातीला असंच वाटतं हो," त्या म्हणाल्या. मोठ्याने.

आता सगळ्यात जास्त मनाला कुणी लावून घेतलं असेल, तर ते सासूबाईंनी. सासूबाई म्हणजे एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. त्यांच्या काळी त्यांना लाइनवरच्या खरखरीवरून कुठल्या गावात पाऊस पडतोय ते कळायचं म्हणे. घरात कान हा विषय अभिमानाचा होता. सून विमान उडवते याचं त्यांना कौतुक होतं, पण मुलगी बघताना त्यांनी पसंती दिली होती ती एका गोष्टीवर : पहिल्या भेटीत आतल्या खोलीत कुकरची शिटी झाली आणि "दुसरी झाली" असं सांगणारी तीच एकटी होती.

"माझ्या सुनेचे कान खराब?" त्या म्हणाल्या. "आपण सराव करू. बघते कोण अकरा काढतं ते."

सरावासाठी खोका हवा. खोका नव्हता, कपाट होतं. कॅप्टन नवऱ्याच्या कोटांमधे स्टूल टाकून बसली, दार लागलं. बाहेर सासूबाई खुर्चीवर, हातात काचेचा पेला आणि चमचा. पेला वाजला की आतून एक टकटक. न वाजता टकटक आली की सासूबाई वहीत फुली मारायच्या. पहिल्या दिवशी चार फुल्या, दुसऱ्या दिवशी तीन.

तिसऱ्या दिवशी घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकू साखर मागायला वाटी घेऊन आल्या आणि खोलीच्या उंबऱ्यातच थांबल्या. सासूबाई बंद कपाटासमोर बसून पेला वाजवत होत्या. कपाट उत्तर देत होतं.

"कोण... कोण आहे आत?" काकूंनी विचारलं.

"कॅप्टन," सासूबाई म्हणाल्या. "जरा गप्प बसता का? लाइन चालू आहे."

काकू साखर न घेताच गेल्या. वाटी इथेच राहिली. त्या संध्याकाळपासून इमारतीत कुणी ओरडेना. उलट सगळे फार हळू, फार समजूतदारपणे बोलू लागले, आणि लहान मुलांना तिच्या वाटेतून बाजूला घेऊ लागले. कॅप्टनला वाटलं, यापेक्षा बहिरं असलेलं बरं होतं.

हसण्यासारखंच होतं सगळं. पण कॅप्टनच्या मनात एक गोष्ट होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला तो शेरा खरा वाटत होता. अंघोळीला बसलं की नळाच्या आवाजात तिला ठकूबाई रडताना ऐकू यायची. ती साबण तसाच अंगावर घेऊन बाहेर धावायची, तर ठकूबाई मुठी मिटून गाढ झोपलेली. असं रोज व्हायचं. कपाटात बसल्यावरही तेच. त्या फुल्या उगाच नव्हत्या. विमानात उद्या असा एखादा नसलेला आवाज ऐकू आला तर? आपण त्या खुर्चीत बसायच्या लायकीच्या राहिलोय का? वही मिटताना सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसलं टकटक करतेस गं मधेच?"

तिने सांगितलं. एकदम, सगळं, साबणासकट.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "मला अजून ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांचा झालाय तो."

त्यानंतर सराव बंद झाला आणि सासूबाईंनी प्रकरण वेगळ्या बाजूने हातात घ्यायचं ठरवलं. पण त्यांच्या आधी नंबर लागला खालच्या मजल्यावरच्या हेडक्लार्ककाकांचा.

हेडक्लार्ककाका सेवानिवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. अजून ते भाजी आणली की पिशवीवर तारीख टाकायचे. "फाइल कुठे आहे असं विचारायचंच नसतं," ते म्हणाले. "आवक क्रमांक काय, असं विचारायचं. समोरचा दबकतो. मी येतो बरोबर."

आले. खिडकीतल्या बाई खरंच दबकल्या. त्यांनी दोघांना आतच बोलावलं आणि विचाराधीन फाइलींचा गठ्ठा दाखवला. गठ्ठा कसला, चार टेबलं भरून फाइली. पण नशीब असं, की कॅप्टनची फाइल वरून चौथी होती! कशी कोण जाणे, कुणाच्या तरी चुकीने तिथे आली होती. कॅप्टनने मनातल्या मनात तारखा मोजल्या. आज बारा. चौथी म्हणजे दोन दिवस. चौदाला प्रमाणपत्र हातात. तिने काकांकडे कृतज्ञतेने पाहिलं.

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. ते फाइलींकडे असे बघत होते, जसं एखाद्याने आपल्या जुन्या शाळेत जावं आणि तिथे गुरं बांधलेली दिसावीत.

"हे तारखेप्रमाणे लावलेलं नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"माणसं कमी आहेत हो," बाई म्हणाल्या.

काकांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. ठकूबाईच्या दुधाची वेळ झाली म्हणून कॅप्टन घरी निघून गेली, तिला वाटलं काका पाच मिनिटांत मागून येतील. काका तीन तासांनी आले. शर्टाला धूळ, डोळ्यांत तेज. कार्यालयाने त्यांना दोनदा चहा दिला होता आणि निघताना सगळे उठून उभे राहिले होते.

"लावून टाकल्या!" काका म्हणाले. "एकूण एक. तारीखवार. आता सगळं न्यायाने होईल."

"आणि माझी फाइल?"

"दोनशे अकरावी," काकांनी अभिमानाने सांगितलं.

कॅप्टनला त्यांचे आभार मानावे लागले. चहाही द्यावा लागला. तिने कप त्यांच्या हातात दिला, आत गेली आणि कपाटात जाऊन बसली. या वेळी सरावासाठी नव्हे.

मग सासूबाईंनी फोन उचलला. त्या आधी पाणी प्यायल्या. मग त्यांनी खुर्ची भिंतीजवळ घेतली, पाठ ताठ केली आणि बारा वर्षांपूर्वी पेन्शनबरोबर घडी करून ठेवलेला तो आवाज बाहेर काढला. थंड, गोड, आणि मधे बोलायला फट न ठेवणारा. नवरा म्हणाला, लहानपणी हा आवाज ऐकला की तो न सांगता गृहपाठ करायचा.

"मुख्य डॉक्टरांना जोडून द्या. कॅप्टन बोलणार आहेत. नाही, निरोप नाही. लाइन धरून ठेवते."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पलीकडे कुठल्या कॅप्टनची कल्पना केली गेली ते देवाला ठाऊक. दोन खिडक्या, एक शिपाई आणि एक सहायक पार करून ऐंशी सेकंदांत मुख्य डॉक्टर लाइनवर आल्या. सासूबाईंनी फोन कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टन एका हाताने ठकूबाईला पेज भरवत होती.

"हॅलो," कॅप्टन म्हणाली. तेवढ्यात ठकूबाईने फोनवर पेज उडवली आणि जोरात ओरडून आपलं मत दिलं.

"अकरा जादा आवाज, त्या तुम्हीच ना?" पलीकडून आलं. "एकोणीस तारीख, अकरा वाजता," मुख्य डॉक्टर म्हणाल्या. "चाचणी परत घेऊ. बाळाला घरी ठेवून या."

एकोणीसला ठकूबाई सासूबाईंजवळ राहिली. नवरा मात्र रजा घेऊन आला. गाडीत त्याचा रंग पुस्तकाच्या जुन्या पानासारखा झाला होता.

"तुला काय झालं?"

"कुठे काय."

खोक्यात ती तशीच बसली. टीं, बटण. टूं, बटण. मधल्या शांततेत तिने कान टवकारले, श्वास धरला. रडणं आलं नाही. एकदाही नाही. ती बाहेर आली तेव्हा तंत्रज्ञाने पहिल्यांदा हसून पाहिलं. "शंभर टक्के," तो म्हणाला, जणू श्रेय खोक्याचं होतं.

मुख्य डॉक्टर चष्म्यावरून दोन्ही कागद बघत होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या. "आधीच्या चाचणीत अकरा आवाज जादा. या चाचणीत एकही नाही. दोन चाचण्या जुळल्या नाहीत, तर नियमाने मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. घाबरू नका, नुसती औपचारिकता आहे. त्यांची तारीख..." त्यांनी वही चाळली. "सात आठवड्यांनी."

कॅप्टन "बरं," एवढंच म्हणाली. पर्स उचलली, तिचा पट्टा सरळ केला, पुन्हा एकदा सरळ केला.

नवऱ्याला तिचं ओरडणं सोसलं असतं. ते "बरं" सोसलं नाही.

"रडली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"ठकूबाई. त्या दिवशी." तो मुख्य डॉक्टरांशी बोलत होता, पण बघत होता जमिनीकडे. "मी म्हटलं नाही रडली, पण रडली होती. खूप रडली. मी तिला घेऊन खोक्यासमोरच फेऱ्या मारत होतो, तिथे भिंतीवर कानाचं मोठं चित्र आहे, ते बघून ती थोडा वेळ थांबायची. मग परत. दुपटी सगळी संपली. संशयास्पद कप्प्यातलीसुद्धा."

"अरे, पण मग सांगितलं का नाहीस?" कॅप्टनने विचारलं.

"पहिल्यांदाच एकटा सांभाळत होतो ना गं," तो म्हणाला. "आणि मग तू इतकं कौतुक केलंस, की... मला वाटलं आपोआप मिटेल."

एकोणीस दिवस. कपाट, पेला, कानाचं यंत्र, दोनशे अकरावी फाइल. कॅप्टनने तोंड उघडलं, पण तिच्याआधी तंत्रज्ञ बोलला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

"अशक्य आहे. खोली आवाजबंद आहे. बाहेरचं आत जातच नाही."

"तुम्ही तिला ऐकलेलं नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे होतात हो तेव्हा?" मुख्य डॉक्टरांनी तंत्रज्ञाला विचारलं.

"यंत्रावर. माझ्याही कानात हेडफोन होते."

मुख्य डॉक्टर उठल्या. चष्मा टेबलावर ठेवला. "मी आत बसते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही बाहेरून रडा."

"मी?"

"बाळ घरी ठेवायला मीच सांगितलं होतं. दुसरं कोण आहे इथे?"

मार्गिकेत तेव्हा आठ-दहा वैमानिक रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या हातात तपासणीची छोटी बाटली, चेहऱ्यावर त्या बाटलीला साजेसा गंभीरपणा. हेडक्लार्ककाकाही होते, आपण लावलेला क्रम कुणी बिघडवला तर नाही, हे बघायला ते आता रोज येत. खोक्याचं दार लागलं. आत बटण दाबलं की बाहेर तांबडा दिवा लागायचा. सगळे दिव्याकडे बघू लागले.

नवरा रडला. आवाज आला तो पान उलटल्यासारखा.

दिवा लागला नाही.

"मोठ्याने!" काका म्हणाले. "असं दफ्तरी कोण नोंदवून घेईल?"

नवऱ्याने घसा साफ केला. त्याने कॅप्टनकडे पाहिलं. तिला त्याचा राग आला होता, चांगलाच आला होता, पण त्या क्षणी तो इतका केविलवाणा दिसत होता, की ती पुढे झाली आणि खांद्याला धरून त्याला खोक्यासमोर नीट उभं केलं.

"भुकेचं नको," ती त्याच्या कानात म्हणाली. "झोप आलीय पण झोपायचं नाहीये, ते रड. आधी दोनदा 'अँ'. मग श्वास."

नवऱ्याने डोळे मिटले. अँ. अँ. छाती भरून श्वास घेतला. आणि मग जे काही निघालं, त्याने तीन खिडक्या एकदम उघडल्या. रांगेतल्या एका वैमानिकाने बाटली छातीशी धरली. नवरा थांबेना. त्यात ठकूबाई होती, बारा वर्षांचं "हळू बोला" होतं, आणि बहुतेक एकोणीस दिवसांचा पश्चात्तापही होता. उचकीसकट.

दिवा लागला. विझला. लागला. मग लागलेलाच राहिला.

तंत्रज्ञ गुडघ्यावर बसला होता. दाराच्या खालच्या बाजूला रबराची पट्टी सुटून आत वळली होती आणि फटीत त्याचं अख्खं बोट जात होतं. तो ते बोट आत घालत होता, बाहेर काढत होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मुख्य डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस हेडफोनने चप्प बसले होते. "मला पंधरा ऐकू आले," त्या म्हणाल्या. "या बाईंनी अकराच सांगितले, म्हणजे संयमच म्हणायचा." त्यांनी पहिला कागद आडवी रेघ मारून रद्द केला, दुसऱ्यावर 'योग्य'च्या रकान्यात खूण केली आणि पेन उचललं.

"थांबा!" काका म्हणाले.

सगळे थांबले.

"डॉक्टर, हिचा क्रमांक दोनशे अकरावा आहे." काकांच्या कपाळावर घाम होता. एका बाजूला शेजारधर्म, दुसऱ्या बाजूला तारीखवारी, आणि मधे ते, सोलवटून निघत असलेले. कॅप्टन त्यांच्याकडे नुसतं बघत राहिली. पाच सेकंद. दहा. मग काकांचा चेहरा एकाएकी उजळला.

"मुदतीची प्रकरणं!" ते ओरडले. "मुदतीची प्रकरणं वेगळ्या गठ्ठ्यात असतात! लाल फीत! हे कसं विसरलो मी? करा, करा सही, अगदी नियमात आहे."

परतताना प्रमाणपत्र कॅप्टनच्या मांडीवर होतं आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. तिसऱ्या सिग्नलला नवरा म्हणाला, "रागावलीस?"

"अकरा वेळा रडली आणि तू म्हणालास हसत होती."

"बारा," नवरा म्हणाला.

"यंत्रात अकराच आलेत."

"एकदा मी रडलो. पण आवाज केला नव्हता."

ती खिडकीबाहेर बघायला लागली, कारण हसू आलेलं त्याला इतक्यात दाखवायचं नव्हतं.

वीस तारखेला सकाळी नऊ वाजता ती उजवीकडच्या खुर्चीत बसली. डावीकडे प्रशिक्षक, पांढऱ्या मिशांचा, शिस्तीचा माणूस; त्याच्या नावाने नवे वैमानिक घाबरायचे. खोटी धावपट्टी समोर आली, खोटं विमान खरोखर पोटात गोळा आणून वर गेलं. दहा मिनिटं सगळं सुरळीत. मग प्रशिक्षकाने न सांगता उजवं इंजिन पेटवून दिलं.

सगळं एकदम ओरडायला लागलं. घंटा, भोंगा, तांबडे दिवे, एक यांत्रिक आवाज तीच सूचना पुन्हा पुन्हा किंचाळणारा. चौदा महिन्यांनी परतलेली माणसं इथे हमखास गोठतात, म्हणून प्रशिक्षक मदतीला हात पुढे करून बसला होता.

"हो हो हो," कॅप्टन म्हणाली. "झालं, झालं, आलेच."

तिचा एक हात इंजिनाचं इंधन बंद करत होता, दुसरा विमान सरळ धरून होता. सूचनांची यादी ती तोंडाने म्हणत होती, एकही न गाळता, त्याच सुरात. कसली घाई नव्हती. आवाज चढेल तशी ती आणखी शांत होत होती आणि खुर्चीतल्या खुर्चीत डावी-उजवीकडे हलकेच डुलत होती.

"विमान डुलतंय का?" प्रशिक्षकाने चमकून विचारलं.

"नाही, मी," कॅप्टन म्हणाली आणि डुलतच राहिली.

आग विझली. भोंगा थांबला. दिवे एकेक करून मालवले. कॉकपिटमधे एकदम शांतता झाली. ती शांतता कॅप्टनला चांगली ओळखीची होती. अशा वेळी पाऊलसुद्धा जपून टाकायचं असतं.

"उतरण्याची तयारी करू?" प्रशिक्षकाने नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं.

कॅप्टनने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ताच शांत झालंय."

प्रशिक्षकाने भोंग्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मिशी एकदा हलली.

"चाकं खाली?" त्याने कुजबुजत विचारलं.

"खाली," कॅप्टन कुजबुजली.

आणि त्या दोघांनी एका इंजिनावर, अख्खं विमान, कुणालाही न उठवता, अलगद धावपट्टीवर ठेवलं.